उघाडीतली बरणी

आमच्या सोसायटीत भित्रा म्हणून माझं नाव आहे आणि ते मी कष्टाने मिळवलेलं आहे. झोपण्याआधी स्वतःच्या गॅसचा कॉक दोनदा बघणारी माणसं असतात. मी शेजाऱ्यांची बेल वाजवून त्यांचाही विचारून घेतो. उरण रस्त्याला न्हावा शेव्याकडे जाणारा ट्रेलर दिसला की मी फुटपाथवर असलो तरी आणखी एक पाऊल आत सरतो. असा माणूस त्या रविवारी गव्हाणच्या देवळासमोर भर दुपारी, शंभरेक माणसांच्या मधोमध, हातात पेन्सिल घेऊन कसा उभा राहिला, हे नीट सांगायला हवं. थोडक्यात सांगायचं तर गुप्त्यांमुळे.

सत्यजीत गुप्ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा तिजोरीवर. दोन हजार अकराच्या गणपतीला त्यांची मुलगी रेवा जर्मनीहून आली आणि परत जाताना बापाच्या हातात एक पिवळं यंत्र ठेवून गेली. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते हे यंत्र सांगतं. नवीन पनवेलमध्ये याची गरज काय, असं मी विचारलं, तेव्हा गुप्त्यांनी मला तो खेळ समजावला. जगभर लोक डबे लपवतात. जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. दुसरे लोक यंत्र घेऊन येतात, डबा शोधतात, आतल्या वहीत सही करतात, आतली एखादी बारकी वस्तू काढतात, आपली एखादी ठेवतात आणि डबा होता तिथे परत ठेवून घरी जातात.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," गुप्ते म्हणाले. "तेच तर."

पनवेल-उरण पट्ट्यात असा एकही डबा नाही, हे कळल्यावर त्यांना झोप येईना. पहिला डबा आपला. फक्त तो कसला घ्यायचा, एवढं ठरायचं होतं, आणि त्यात आमचे तीन आठवडे गेले.

रेवाने फोनवर अटी सांगितल्या होत्या. डबा पाण्यात बुडाला तरी आत ओल जाता कामा नये. तो येणाऱ्याजाणाऱ्याला दिसता कामा नये. दिसलाच तर चोरावासा वाटता कामा नये. चौथी अट गुप्त्यांनी स्वतः घातली : स्वस्त. परदेशात म्हणे लष्कराच्या रिकाम्या दारूगोळ्याच्या पेट्या वापरतात. आपल्याकडे तसली पेटी मागायला गेलो तर परत यायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब मी गुप्त्यांना करून दाखवला.

परीक्षा घेण्याची पद्धत मात्र गुप्त्यांची खास होती. प्रत्येक डब्यात तळलेल्या पापडाचा एक तुकडा घालायचा, झाकण लावायचं, डबा दगड बांधून बादलीत बुडवायचा आणि दुसऱ्या दिवशी पापड मोडून बघायचा. कुरकुरीत मोडला तर डबा पास. नीतावहिनींनी पापड पुरवले आणि नवऱ्याशी बोलणं कमी केलं.

फोटो स्टुडिओवाल्याने फिल्मच्या काळ्या डब्यांची पिशवीभर भेट दिली. सगळ्यांचे कॅमेरे बदलले होते, त्याला त्या नकोच होत्या. पण त्यांत पापड सादळला. आईस्क्रीमच्या डब्यात पापडाची खीर झाली. चार बाजूंनी खटके लागणारा डबा उत्तम ठरला, पण तो वहिनींच्या चार डब्यांच्या सेटमधला होता आणि सेट मोडायला त्यांनी नकार दिला. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा आणि दोन्ही तोंडांना लावायची बुचं मागितली, तेव्हा दुकानदाराने सहज विचारलं, कशासाठी? मुंबईत स्फोट होऊन तीन महिने झाले होते. गुप्ते खरं बोलायच्या बेतात होते. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि आम्ही कापड बाजारापर्यंत न थांबता चालत गेलो.

शेवटी डबा मिळाला तो दमयंतीकडून. दमयंती अकरा वर्षं आमच्या गेटाशी मासळी विकायला येते, घर गव्हाणला. तिचा मुलगा प्रितम मोऱ्याच्या बंदरातून सुटणाऱ्या एका मासेमारी बोटीवर असतो. तिने आमची कथा ऐकली, पदरात तोंड घालून हसली, आणि पुढल्या खेपेला प्रितमलाच घेऊन आली. त्याच्या हातात रुंद तोंडाची पांढरी प्लास्टिकची बरणी होती. बोटीवर कागदपत्रं, ओळखपत्रं, काडेपेटी आणि मोबाइल याच बरणीत ठेवतात, असं त्याने सांगितलं. आत एक बूच, वर आट्यांचं झाकण, मध्ये सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती आणि आट्यांना बोटभर ग्रीस. बोट उलटली तरी बरणी कोरडी राहते. बरणी कोरडी राहून माणसाचं काय होतं, हे मी विचारलं नाही. दोन दिवस बादलीत राहून पापड असा मोडला की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

आता यापुढचं मी जरा सावकाश सांगतो, कारण त्या वेळी आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही ते तुमच्या डोक्यात येईल.

आत ओलावा राहू नये म्हणून रेवाने कसल्याशा पुड्या घालायला सांगितल्या होत्या. गुप्त्यांना त्या महाग वाटल्या. त्यांनी मूठभर तांदूळ घेतले, कारण मिठाच्या बरणीत आपण तांदूळ घालतोच, आणि ते वहिनींच्या जुन्या लाल खणाच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी केली. कुबट वास येऊ नये म्हणून मी इस्त्रीवाल्याकडून कोळशाचा एक खडा आणला. अदलाबदलीच्या वस्तू म्हणून एक गोटी, एक जुनं तांब्याचं नाणं आणि रेवाची लहानपणची बोटभर बाहुली घातली. बाहुलीचा फ्रॉक सुटत होता, म्हणून वहिनींनी छातीपाशी एक टाचणी टोचली. वही आणि मागे रबर असलेली पेन्सिल ठेवली. वहीत गुप्त्यांनी बँकेच्या पद्धतीने रकाने आखले : नाव, तारीख, सही. पहिलं नाव त्याच पेन्सिलीने प्रितमला लिहायला लावलं, बरणी त्याची म्हणून. त्याने तारीख घातली, सही केली. त्याखाली सोसायटीतल्या, येतो म्हणालेल्या सहा जणांची नावं गुप्त्यांनी स्वतः लिहून ठेवली. तारखा कोऱ्या. मग झाकण घट्ट लावून त्यावर लाख वितळवली आणि आपली मोहोर उमटवली. तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्यांची पाकिटं त्यांनी अकरा वर्षं तशीच बंद केली होती. पाणी लागण्याजोगी वस्तू लाख न लावता सोडणं त्यांच्या हातून होत नाही.

जागा प्रितमनेच दाखवली. गव्हाणच्या खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधात एक जुनी दगडी उघाडी आहे. भरतीचं पाणी अडवायची आणि ओहोटीला आतलं पाणी सोडायची ती झडप. नवी झडप शेजारी झाल्यापासून जुनीचे दगड सुटलेत. त्यातल्या एका पोकळीत आम्ही सोमवारी बरणी सरकवली, वर चपटा दगड ठेवला. त्याच संध्याकाळच्या पाण्याला प्रितमची बोट मोऱ्याहून सुटली. वहीतली तारीख ती.

गुरुवारी वारं सुटलं. पत्र्यांचे आवाज, झाडं, वीज गेली. शुक्रवारी दमयंती आली नाही. शनिवारीही आली नाही. रविवारी गुप्ते म्हणाले, बरणी तपासून येऊ. स्कूटरवर मी त्यांच्या मागे बसलो आणि जाताना डोळे मिटून घेतले. ट्रेलर दिसले नाहीत की मला ते कमी मोठे वाटतात.

उघाडीत बरणी नव्हती. चपटा दगड बाजूला नीट काढून ठेवलेला होता. पाणी दगड नीट काढून ठेवत नाही, असं गुप्ते म्हणाले. बांधावर एरवी चिंबोऱ्या धरणारी दोन-चार माणसं असतात. त्या दिवशी कुणी नव्हतं.

रस्त्याच्या टपरीवर चहावाला एकटाच होता. गाव कुठे गेलं, असं विचारलं तर त्याने आवाज खाली आणून सगळं सांगितलं. प्रितमची बोट शुक्रवारी यायची ती आली नव्हती. फोन लागत नव्हता. आणि शनिवारी दमयंतीचा दीर दीनानाथ वाऱ्याने उघाडीचं काय झालं ते बघायला गेला, तर त्याला तिथे करणी सापडली. लाल लाखेने बंद केलेली. आत खणात बांधलेला तांदूळ, कोळसा, नाणं, छातीत टाचणी टोचलेली बाहुली आणि माणसांची यादी. पहिलं नाव प्रितमचं, पुढे बोट सुटली त्या दिवसाची तारीख. खाली सहा नावं, त्यांच्या तारखा अजून भरायच्या.

मी हातातला ग्लास खाली ठेवला. खरं सांगायचं तर ती वस्तू काय आहे हे ठाऊक असूनही, त्याच्या तोंडून ऐकताना माझ्या मानेवर काटा आला. त्या सहांत तिसरं नाव माझं होतं.

करणाराही सापडला होता. ठमाबाई. साठी उलटलेली विधवा, गावाच्या कडेला एकटी राहणारी, रोज ओहोटीला उघाडीपाशी कालवं फोडायला जाणारी. तिथे तिच्याशिवाय कोण जातं? तीन वाजता कुठल्याशा गावाहून भगत येणार होता. तो तिला विचारणार होता. चहावाल्याने 'विचारणार' हा शब्द उच्चारून फडक्याने एकच ग्लास बराच वेळ पुसला. विचारणं म्हणजे काय, हे मलाही वर्तमानपत्र वाचून माहीत होतं. विचारून झाल्यावर त्या बाया पुन्हा कुणाला काही सांगण्याजोग्या राहत नाहीत.

घड्याळात सव्वादोन वाजले होते. मी गुप्त्यांना म्हणालो, स्कूटर काढा, पनवेलहून पोलीस घेऊन येऊ. गुप्ते म्हणाले, फोनवर हे कुणाला पटणार नाही, आणि जाऊन, पटवून, यायला दीड तास. मी म्हणालो, मग निदान आपण तरी इथून निघून जाऊ. हे वाक्य मी बोललो, ते मी लपवत नाही.

गुप्ते चालायला लागले होते. "माझी मोहोर आहे त्यावर," ते म्हणाले.

मी त्यांच्या मागे गेलो. यात शौर्य शोधू नका. स्कूटर मला चालवता येत नाही.

देवळासमोरच्या पटांगणात माणसं गोल करून उभी होती आणि आवाज नव्हता. मध्ये वर्तमानपत्रावर आमची बरणी, वही, बाहुली, पुरचुंडी. भोवती मिठाचं रिंगण. पलीकडे एक बाई पालथ्या पाटीवर बसलेली होती, वाळकी, काळी, हात मांडीवर. तिला कुणी बांधलेलं नव्हतं. तिच्या चारी बाजूंना दहा-दहा हात कुणी उभंच नव्हतं, एवढंच. ती बरणीकडे बघत नव्हती, माणसांकडेही नाही. समोरच्या देवळाच्या पायरीकडे बघत होती.

गुप्त्यांनी रिंगण ओलांडलं. माणसं मागे सरली. त्यांनी बरणीचं झाकण उचललं, तुटलेली लाख निरखली आणि दीनानाथला म्हणाले, ही आमची आहे.

दीनानाथ बंदरावर क्रेन चालवायचा. अंगाने आडवा, बोलायला शांत. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"कशाला ठेवलीत?"

"शोधण्यासाठी," गुप्ते म्हणाले.

"हरवली व्हती?"

"नाही. आम्हीच लपवली."

"मंग शोधनार कोन?"

"कुणीही. जगातला कुणीही माणूस."

"आनि शोधली तं त्याला काय मिलतं?"

गुप्त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वहीत सही करता येते," ते म्हणाले.

मी आमच्या बाजूने दोन शब्द बोलायला तोंड उघडलं : पापड, बादली, ग्रीस, जर्मनी. एकेक शब्द उच्चारताना मला तो खोटा वाटत गेला. कुणाच्या वाईटावर असलेली म्हातारी रात्रीतून बाहुलीला टाचणी टोचते, ही गोष्ट कुणालाही कळते. दोन पेन्शनर तीन आठवडे डबे बुडवतात आणि मग त्यांतला एक बांधात ठेवून येतात, कशासाठी तर कशासाठीच नाही, ही गोष्ट कोण कशी कळून घेणार? मी त्या गर्दीत असतो तर मीही ठमाबाईकडेच बघितलं असतं.

मागून कुणीतरी म्हणालं की हे दोघे म्हातारीला वाचवायला आलेत. दुसरा म्हणाला, वाचवायला नाय, हेच तिचे गुरू हायत. हे दुसरं मत लोकांना पटत चाललेलं मला दिसलं. ते असं दिसतं की आपल्याजवळची माणसं अर्धं पाऊल मागे घेतात, आणि लांबची पुढे.

दीनानाथने विचारलं, पोराचं नाव कोणी लिहिलं? त्याने स्वतः, गुप्ते म्हणाले. तेव्हा गर्दीतून दमयंती पुढे आली. दोन रात्री झोप नसलेली. वहीकडे बघून ती म्हणाली की अक्षर त्याचंच आहे. मला हायसं वाटलं, ते क्षणभरच. त्याच्याच हातून लिहून घेतलं म्हणजे तर ते जास्तच पक्कं, असा त्याचा अर्थ झाला.

दमयंती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अकरा वर्षं या बाईने माझी टिंगल केली होती. बोंबलाच्या वाट्यावर मी घासाघीस केली की, काका काट्यांचे पैसे वजा करू का, म्हणायची. आज ती माझ्याकडे अशी बघत होती की मी पहिल्यांदाच दिसतोय.

"काका, अकरा वर्सं तुमाला मावरं देतंय," ती म्हणाली. "कवा शिलं दिलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग माजं काय चुकलं? त्याचं नाव काडा तिथून."

मी गुप्त्यांकडे बघितलं. ते वाकून वही उचलत होते. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की लिहिलेली नोंद पुसता येत नाही. नावावर आडवी लाल रेघ मारायची, शेजारी आपण आद्याक्षरं घालायची, हीच पद्धत. आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मुलगा समुद्रात असलेल्या आईसमोर त्याच्या नावावर हा माणूस लाल रेघ मारणार होता, आणि ती अगदी सरळ आली असती.

मी त्यांच्या हातातून वही ओढून घेतली. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातातून कुणी वही ओढली नसेल. बरणीत ठेवलेली पेन्सिल उचलली, तिच्या मागे रबर होतं. गुडघ्यावर वही ठेवून मी प्रितमचं नाव खोडायला लागलो.

मी आयुष्यभर असल्या गोष्टींना हसत आलो आहे. गणपतीत अंधश्रद्धेवर भाषणंही केली आहेत, सोसायटीच्या हॉलमध्ये, टाळ्यांसकट. पण त्या दुपारी मी ते नाव खोडत होतो तेव्हा मी घाबरलो होतो, आणि लोकांना नाही. मला एकाएकी वाटलं, यातला एखादा काना राहून गेला तर? मी तारीखही खोडली. सही खोडली. कागद विरून भोक पडायला आलं, तरी उजेडात धरून बघितलं, अक्षराचा वळ राहिलाय का. खोडताना मी मनात काय म्हणत होतो ते इथे लिहीत नाही. पुढल्या गणपतीत पुन्हा भाषण करायचं आहे.

दमयंतीने कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "आता येल?" तिने विचारलं.

येईल म्हणायची माझी छाती नव्हती, नाही म्हणायची तर नव्हतीच. मी म्हणालो, बघू. दीनानाथने ते ऐकलं आणि शांतपणे सांगितलं की ठीक आहे, बघू. बोट येईस्तोवर तिघांनी इथनं हलायचं नाय.

ठमाबाई पाटीवर होतीच. आम्हाला तिच्या शेजारी दगडावर बसवलं. आता दहा हात मोकळी जागा आम्हा तिघांची झाली. तिने मान न वळवता विचारलं, "बरनी तुमची?" गुप्ते हो म्हणाले. "तुमी मोटी मानसं," ती म्हणाली. यापुढे काय म्हणायचं होतं ते तिने ठेवून दिलं.

तीनला पाच कमी असताना भगत मोटरसायकलवर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मागच्या सीटला एक पिशवी बांधलेली होती, ती त्याने उतरवून दीनानाथकडे दिली. दीनानाथने ती जपून धरली आणि आतून लोखंडावर लोखंड वाजलं. मला अजून कधी भांड्यांच्या दुकानात तसला आवाज आला की मी बाहेर येतो.

भगताने बरणी उचलून लाख नखाने खरवडली. काम पसंत पडल्यासारखी मान हलवली. मग सगळं ऐकून माझ्याकडे आला आणि हळूच विचारलं, आपली बैठक कुठं असते? घाबरलो की मी खरं बोलतो. नवीन पनवेल, बी विंग, मी म्हणालो. वार? सगळे वार सारखेच, मी म्हणालो, रिटायर आहे. त्याने पुन्हा मान हलवली, आता जरा आदराने, आणि गावाकडे वळून सांगितलं की नाव काढलं ते बरं झालं, पण नाव काढून भागत नाही. करणाऱ्याने तोंडाने कबूल व्हायला लागतं. त्याने पिशवीसाठी हात पुढे केला.

ठमाबाईने मांडीवरचे हात उचलून पोटाशी घेतले. तेवढीच हालचाल. गुप्ते उभे राहिले आणि तिच्या पुढ्यात जाऊन थांबले, काउंटर बंद झाल्यावरही आत शिरणाऱ्या माणसापुढे थांबावं तसे. मीही उभा राहिलो, पण माझे पाय कुठल्या दिशेला जाणार होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तेव्हाच दमयंतीच्या कमरेचा फोन वाजला.

तिने नंबर बघितला आणि तो कानाला लावायची हिंमत होईना म्हणून फोन दीनानाथकडे दिला. त्याने सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मोऱ्याच्या धक्क्यावरून प्रितम बोलत होता. गुरुवारी इंजिन बंद पडलं, वाऱ्याने लांब नेलं, दुसऱ्या बोटीने दोन दिवस ओढत आणलं, सगळे बरे आहेत, आये भूक लागलीय. दमयंती मटकन खाली बसली. दीनानाथने त्याला उघाडीतल्या बरणीचं विचारलं. प्रितम खो खो हसायला लागला. तो खेल हाय रे काका, तो म्हणाला, त्या दोन म्हाताऱ्यांचा. ते हसणं त्या पटांगणात बराच वेळ ऐकू येत राहिलं, कारण फोन बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

मला वाटलं, संपलं. गुप्त्यांनाही वाटलं असावं, त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

भगताने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "नाव कवा काडलं?" त्याने विचारलं. कुणीतरी सांगितलं, अर्धा तास झाला. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि गावाला म्हणाला, "बगितलंत?"

गावाने बघितलं. शंभर माणसांच्या नजरा मला लागल्या, आणि त्यांत राग नव्हता. एक बाई लांबूनच माझ्या पाया पडली. म्हणजे नाव खोडलं म्हणून पोरगा आला. म्हणजे नाव होतं म्हणूनच तो अडकला होता. म्हणजे ती करणीच होती, आणि करणी होती तर ती कुणीतरी केली होती. माझ्या रबराने जे सिद्ध केलं ते भगताला सात जन्मांत जमलं नसतं.

भगत पिशवी बांधून गेला. माणसं पांगू लागली, पण पांगताना ती ठमाबाईच्या बाजूने न जाता देवळाला वळसा घालून जात होती. माफी कुणी मागितली नाही. दीनानाथ तेवढा थांबला. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं की पोरगा आला, झालं गेलं, पण उद्यापासून उघाडीवर जायचं नाय.

"मंग खाऊ काय?" ठमाबाईने विचारलं.

दीनानाथ निघून गेला.

गुप्त्यांनी बरणी, वही, बाहुली सगळं गोळा केलं. मी त्यांना डोळ्यांनी स्कूटरची दिशा दाखवत होतो. ठमाबाई उठली, पाटी काखेला मारली आणि आमच्यासमोर आली.

"माज्या अंगनात चहा पिऊन जावा," ती म्हणाली. "दोगंय. बाहेर बसून."

उशीर झालाय, असं मी म्हणणार होतो. गुप्ते म्हणाले, येतो.

तिचं घर गावाच्या टोकाला, पण अंगणासमोरूनच खाडीवर जायची वाट. तिने दोन पाट अंगणात अगदी वाटेच्या कडेला मांडले. आत जाऊन स्टोव्ह पेटवला. तोवर वाटेवर माणसं जमली. समोरच्या घरांच्या ओट्यांवर बाया येऊन बसल्या. दीनानाथ दिसला, दमयंतीही. ती मोऱ्याला निघाली होती, पण थांबली. शहरातली दोन माणसं, त्यांतला एक नावं खोडणारा, ठमाबाईच्या हातचं घेतात की नाही, हे सगळ्यांना बघायचं होतं. आम्हाला चहा पाजून तिला काय मिळवायचंय, ते मला तेव्हा कळलं. उद्या तिला उघाडीवर जायचं होतं.

तिने दोन ग्लास आणले. चहा काळसर होता, दूध बेताचं. गुप्त्यांनी घेतला आणि सरळ प्यायला सुरुवात केली.

मी ग्लास हातात घेतला. तोंडापर्यंत नेला. आणि मी, ज्याने ती पुरचुंडी बांधताना खणाचं टोक धरलं होतं, कोळसा घासाघीस करून आणला होता, ती बाहुली कुणाची हे ज्याला ठाऊक होतं, त्या मी आत वाकून बघितलं. एकदाच. तळाशी काही आहे का.

ठमाबाईने ते बघितलं. वाटेवरच्यांनीही बघितलं असेल, मला मान वर करून खात्री करवेना.

तिने माझ्या हातातून ग्लास घेतला, त्यातला एक घोट स्वतः प्याली, पदराने कड पुसली आणि तोच ग्लास परत माझ्यासमोर धरला.

मी तो घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. मग दुसरा मागितला.